बुरशी तीच, ढळला तो पहारा

२०२१ च्या मे महिन्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेने महाराष्ट्र हैराण झाला असतानाच ‘म्युकर’ हा शब्द घराघरांत पोहोचला. करोनातून बरे होऊन घरी परतलेल्या रुग्णाचे नाक चोंदू लागे, गाल बधिर होई, वरचे दात हलू लागत, डोळ्यावर सूज चढे आणि काही दिवसांतच जबड्याचा भाग किंवा डोळा काढून टाकण्यावाचून डॉक्टरांपुढे पर्याय उरत नसे. अॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनासाठी नातेवाईक एका शहरातून दुसऱ्या शहरात धावत होते. २० मे रोजी केंद्र सरकारने हा आजार साथरोग कायद्याच्या कक्षेत आणून प्रत्येक रुग्णाची नोंद करण्याची सूचना राज्यांना केली. जूनअखेर देशातील नोंद झालेल्या रुग्णांची संख्या ४० हजारांवर आणि मृतांची संख्या तीन हजारांवर गेली होती. महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये त्यात आघाडीवर होती.

त्या धावपळीत एक साधा प्रश्न मात्र बाजूला पडला. ही बुरशी आली कोठून? वस्तुस्थिती अशी, की ती कोठूनही आली नव्हती. म्युकरमायकोसिस ज्या बुरशींमुळे होतो त्यांतील प्रमुख असलेली ऱ्हायझोपस ही शिळ्या पावावर दोन-तीन दिवसांत कापसासारखी वाढणारी बुरशी आहे. सडलेली फळे, पालापाचोळा, शेणखत, ओली माती या सर्वांवर ती वाढते. इंडोनेशियात तिच्याच कुळातील एका प्रकाराने सोयाबीन आंबवून ‘टेंपे’ हा रोजच्या जेवणातला पदार्थ केला जातो. तिचे बीजाणू २०१९ मध्येही मुंबई-पुण्याच्या हवेत होते, आजही आहेत आणि श्वासाबरोबर प्रत्येकाच्या नाकात जात आहेत. २०२१ मध्ये बदलले होते ते हजारो रुग्णांचे शरीर. नेमके सांगायचे तर त्या शरीराचा पहारा.

‘काळी बुरशी’ हे त्या वेळी रूढ झालेले नावही दिशाभूल करणारेच होते. ही बुरशी मुळात काळी नसते. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते, आतील रक्त गोठते, पुढच्या भागाला रक्तपुरवठा होत नाही आणि तेथील मांस मरून काळे पडते. तो काळेपणा मृत पेशींचा असतो. त्यानंतर ‘पांढरी’ आणि ‘पिवळी’ बुरशी असल्याच्या बातम्यांनी घबराटीत भर घातली, माहितीत नाही. हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही, ही महत्त्वाची बाब त्या गदारोळात अनेकांपर्यंत पोहोचलीच नाही.

नाकापासून सुरू होणारा पहारा

पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या बुटांवर, लोणच्याच्या बरणीत किंवा ओल आलेल्या भिंतीवर दिसणाऱ्या बुरशीचे बीजाणू हवेत सतत तरंगत असतात. अॅस्परजिलस या अतिशय सामान्य बुरशीचा बीजाणू दोन ते तीन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाच्या आसपास आकाराचा असतो. इतका बारीक कण फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत सहज जातो. असे शेकडो बीजाणू माणूस रोज श्वासावाटे आत घेतो आणि तरीही त्याला काही होत नाही.

याचे पहिले श्रेय नाकातील व श्वासनलिकेतील चिकट स्रावाला आणि तो घशाकडे ढकलत राहणाऱ्या सूक्ष्म केसांना आहे. त्यातून निसटलेले बीजाणू वायुकोशांत ठाण मांडून बसलेल्या भक्षक पेशी गिळतात. तेथूनही जे निसटतात आणि रुजून तंतू टाकू लागतात, त्यांच्यावर रक्तातून न्यूट्रोफिल या श्वेतपेशी धावून जातात. न्यूट्रोफिलचे आयुष्य जेमतेम काही तासांचे ते एखाद-दोन दिवसांचे. परंतु बुरशीविरुद्धच्या लढाईत शरीराचा सर्वाधिक भार त्यांच्यावरच असतो. गिळता येण्याइतका लहान बीजाणू असेल तर त्या तो गिळतात. लांब तंतू मात्र गिळता येत नाही. अशा वेळी न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकते आणि त्या जाळ्यातील विषारी प्रथिनांनी तंतूला जखडते. बर्लिनमधील शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये प्रथम या जाळ्यांचे वर्णन केले. शत्रूचा आकार पाहून शस्त्र निवडण्याची ही क्षमता एकाच पेशीत असते, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

प्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा आणि बुरशीचा संबंध तसा फार जुना आहे. पेशी परकीय कणांना गिळतात, ही कल्पना रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांना १८८२ मध्ये तारामाशाच्या अळ्यांचे निरीक्षण करताना सुचली. त्यांना ठोस पुरावा मिळाला तो १८८४ मध्ये, डबक्यात राहणाऱ्या पाणपिसू या इवल्याशा पारदर्शक जिवामध्ये. या जिवाच्या पोटात एका यीस्टचे सुईसारखे बीजाणू शिरत आणि त्याच्या पेशी त्यांना घेरून नष्ट करत. पेशी जिंकल्या तर पाणपिसू जगे. बीजाणू जिंकले तर मरे. सूक्ष्मदर्शकाखाली हा सामना त्यांनी डोळ्यांनी पाहिला. १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे शतकभराने, १९९६ मध्ये, फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ब्रुनो लमेत्र आणि जूल्स हॉफमन यांनी फळमाशीतील ‘टोल’ नावाचे एक जनुक निकामी केले, तेव्हा त्या माश्या अॅस्परजिलसच्या संसर्गाने मेल्या. तंतूंनी झाकून गेलेल्या त्या माशीचे छायाचित्र जीवशास्त्राच्या इतिहासात गाजले. जन्मजात प्रतिकारशक्ती शत्रू कसा ओळखते, या प्रश्नाला त्यामुळे वाट मिळाली आणि हॉफमन २०११ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

ओळख पटते ती कशी?

बुरशी ही प्राण्यांच्या बरीच जवळची आहे. वनस्पती आणि बुरशी यांच्यापेक्षा प्राणी आणि बुरशी यांचे नाते उत्क्रांतीच्या वंशवृक्षावर अधिक निकटचे आहे. जिवाणूची पेशी माणसाच्या पेशीपेक्षा मुळातच निराळी. बुरशीच्या पेशीत मात्र माणसाच्या पेशीसारखेच केंद्रक, तशीच अंतर्गत रचना. मग फरक ओळखायचा कशावरून? शरीराने त्यासाठी बुरशीच्या पेशीभोवतालची भिंत निवडली आहे. ही भिंत बीटा-ग्लुकान, कायटिन, मॅनन अशा शर्करांच्या साखळ्यांनी बनलेली असते आणि माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते. भक्षक पेशींच्या पृष्ठभागावरील ‘डेक्टिन-१’ नावाचे प्रथिन बीटा-ग्लुकानला कुलपात किल्ली बसावी तसे चिकटते आणि पेशीला इशारा मिळतो. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी हे दाखवून दिले.

बुरशीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. कॅन्डिडा ही यीस्ट आपले बीटा-ग्लुकान बाहेरच्या मॅननच्या थराखाली दडवून ठेवते. अॅस्परजिलसचा बीजाणू तर पाणी न धरणाऱ्या प्रथिनाचा एक पातळ अंगरखाच घालून हिंडतो. त्या अंगरख्यामुळे प्रतिकारयंत्रणेला तो दिसत नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील विशुकुमार ऐमनियंदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे सिद्ध केले. हे ऐकून धसका घेण्याचे मात्र कारण नाही. रोज आत येणाऱ्या शेकडो निर्जीववत बीजाणूंवर शरीराने प्रत्येक वेळी युद्ध पुकारले असते तर फुप्फुसे दाहानेच निकामी झाली असती. बीजाणू फुगून रुजू लागला की अंगरखा फाटतो, भिंत उघडी पडते आणि तेव्हाच हल्ला होतो. ज्याच्यापासून धोका आहे त्याच्यावरच वार करायचा, हा संयम प्रतिकारशक्तीचा तितकाच महत्त्वाचा गुण आहे. ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ काढ्यांच्या आणि गोळ्यांच्या जाहिरातींमध्ये या गुणाचा उल्लेख सहसा नसतो.

साखर, लोह आणि स्टेरॉइड

आता पुन्हा २०२१ कडे. त्या वर्षी जूनअखेर सरकारने दिलेल्या आकडेवारीनुसार म्युकरच्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना करोना होऊन गेला होता, ६४ टक्क्यांना मधुमेह होता आणि ५३ टक्क्यांना स्टेरॉइड दिले गेले होते. या तीन आकड्यांतच बहुतेक उत्तर आहे.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की न्यूट्रोफिल आळसावतात. संसर्गाच्या जागी पोहोचायला त्यांना वेळ लागतो आणि पोहोचल्यावरही मारण्याची ताकद कमी पडते. साखर फारच बेताल झाली तर रक्तात आम्ल साठू लागते आणि तेथे दुसरा घात होतो. बुरशीला वाढण्यासाठी लोह लागते. निरोगी शरीर आपले लोह ट्रान्सफेरिन या प्रथिनात बांधून ठेवते. जणू तिजोरीत कुलूपबंद करते. रक्त आम्लधर्मी झाले की ही पकड सैल होते आणि मोकळे लोह बुरशीच्या हाती लागते. शिवाय वाढलेल्या साखरेमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर एक असे प्रथिन जास्त प्रमाणात येते, ज्याला पकडून म्युकर गटातील बुरशी आत शिरते. म्हणजे पहारेकरी पेंगलेला, तिजोरी उघडी आणि दाराला बाहेरून कडी, अशी ही अवस्था असते.

लोहाचे महत्त्व वैद्यकशास्त्राला एका दुर्दैवी अनुभवातून कळले होते. डायलिसिसवरील रुग्णांच्या शरीरातील जादा धातू काढण्यासाठी डेफेरोक्सामाइन हे औषध दिले जात असे. १९८० च्या दशकात अशा रुग्णांमध्ये म्युकरमायकोसिस आढळू लागला. माणसाच्या शरीरातून लोह काढून घेणारे हे औषध ऱ्हायझोपसला मात्र तेच लोह आयते पुरवत होते.

तिसरा घटक स्टेरॉइडचा. यात दोषारोप करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. करोनाच्या गंभीर रुग्णांत फुप्फुसांची हानी बऱ्याच अंशी स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेच्या अतिरेकाने होत होती आणि ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये दाखवून दिले, की डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे एक पंचमांशाने घटतात. या औषधाने असंख्य प्राण वाचले. मात्र त्याच चाचणीचे आणखी दोन निष्कर्ष तितकेच स्पष्ट होते: मात्रा रोज ६ मिलिग्रॅम, तीही जास्तीत जास्त दहा दिवस, आणि ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना या औषधाचा काहीही फायदा नाही. दुसऱ्या लाटेच्या धुमाळीत खाटा मिळत नव्हत्या, घरोघरी समाजमाध्यमांवरून औषधांच्या याद्या फिरत होत्या. तेव्हा साध्या तापातही पहिल्याच दिवसापासून, कित्येकदा दुप्पट-तिप्पट मात्रेने आणि आठवडेच्या आठवडे स्टेरॉइड घेतले गेले. स्टेरॉइड भक्षक पेशींची मारण्याची ताकद कमी करते आणि रक्तातील साखरही वाढवते. आधीच मधुमेह असलेल्या, पण घरात ग्लुकोमीटर नसलेल्या माणसाच्या बाबतीत हे दुहेरी संकट होते. भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. करोनापूर्वीही म्युकरचे प्रमाण जगाच्या तुलनेत भारतात कित्येक पटींनी अधिक होते, त्यामागे अनियंत्रित मधुमेह हेच मोठे कारण मानले जाते.

औद्योगिक ऑक्सिजन, आर्द्रतेच्या बाटलीतील नळाचे पाणी, जस्ताच्या गोळ्या, वाफारा अशी अनेक कारणे त्या काळात सांगितली गेली. त्यांतील एकही साखर आणि स्टेरॉइडइतके ठामपणे सिद्ध झालेले नाही.

कोणती बुरशी, त्यावरून कळते कोणता पहारा

प्रतिकारशक्ती म्हणजे कमी-जास्त होणारी एकच एक शक्ती, असा सर्वसाधारण समज असतो. बुरशीजन्य आजारांकडे पाहिले तर हा समज टिकत नाही. शरीराचा कोणता विभाग कोलमडला आहे त्यानुसार बुरशीही वेगळी येते, आणि अनुभवी डॉक्टर अनेकदा बुरशीवरून उलट दिशेने मूळ दोषापर्यंत जातात.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९८१ चे आहे. ५ जून रोजी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांची माहिती प्रसिद्ध झाली. पूर्वी धडधाकट असलेल्या या पाचही जणांना न्यूमोसिस्टिस नावाच्या जंतूमुळे न्यूमोनिया झाला होता आणि सर्वांना कॅन्डिडाचाही संसर्ग होता. न्यूमोसिस्टिसशी बहुतेक माणसांचा संबंध बालपणीच येतो आणि कोणालाही काही होत नाही. ज्यांची प्रतिकारयंत्रणा पार ढासळली आहे अशा रुग्णांतच दिसणारा हा न्यूमोनिया तरुणांना झाला, याचा अर्थ काहीतरी भयंकर घडत होते. पुढे ज्याला एड्स म्हटले गेले त्याची ती पहिली नोंद. विशेष म्हणजे त्या वेळी न्यूमोसिस्टिसला बुरशी मानतही नव्हते. १९८८ मध्ये त्याच्या आरएनएच्या अभ्यासातून तो बुरशीच्या कुळातला असल्याचे निष्पन्न झाले.

एचआयव्ही मुख्यतः टी पेशींचा एक गट नष्ट करतो. त्यामुळे या रुग्णांना तोंडात कॅन्डिडा, फुप्फुसात न्यूमोसिस्टिस, मेंदूच्या आवरणात क्रिप्टोकॉकस असे आजार होतात. पण म्युकर त्यांच्यात क्वचितच आढळतो, कारण म्युकरला अडवण्याचे काम बव्हंशी न्यूट्रोफिल करतात. याउलट कर्करोगावरील केमोथेरपीने ज्यांच्या न्यूट्रोफिल संपतात त्यांना अॅस्परजिलस आणि म्युकर गाठतात, कॅन्डिडा थेट रक्तात उतरते. काही मुलांच्या भक्षक पेशींत जन्मतःच जंतू मारणारे ऑक्सिजनयुक्त रसायन तयार होत नाही. त्यांचा हाडवैरी अॅस्परजिलस. २०११ मध्ये काही कुटुंबांचा अभ्यास झाला, ज्यांतील व्यक्तींना लहानपणापासून तोंडात, नखांत, त्वचेवर कॅन्डिडाचा संसर्ग होत असे, रक्तात मात्र कधीच नाही. त्यांच्यात दोष सापडला तो इंटरल्युकिन-१७ या एकाच संदेशवाहक प्रथिनाच्या साखळीत. त्वचा आणि अस्तर यांच्यावरील पहारा या प्रथिनाच्या हाती असतो. सोरायसिसच्या उपचारासाठी हेच प्रथिन रोखणारी इंजेक्शने आता वापरात आहेत आणि ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या तोंडात कॅन्डिडाचे पांढरे चट्टे उमटतात. प्रयोगशाळेतील तर्काचा पडताळा असा रुग्णालयात मिळाला.

पोटातील भाडेकरू

कॅन्डिडा अल्बिकन्स ही बाहेरून येणारी पाहुणी नव्हे. बहुसंख्य माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि स्त्रियांच्या योनिमार्गात ती बिनबोभाट राहते. इस्रायली शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. (जिवाणू पेशींच्या दहापट असतात, हे अजूनही अनेक पुस्तकांत आढळणारे वाक्य त्यामुळे रद्द झाले.) या गर्दीत बुरशीचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. तिला कमी ठेवण्याचे निम्मे काम हे जिवाणूच करतात. ते जागा अडवतात, अन्न संपवतात, आम्ले सोडतात. प्रतिजैविकांचा जोरदार डोस घेतल्यावर तोंड येणे किंवा योनिमार्गात खाज व पांढरा स्राव सुरू होणे, हा अनेकांचा अनुभव असतो. औषधाने जिवाणू मारले, बुरशीला हात लावला नाही आणि मोकळ्या जागेवर कॅन्डिडा पसरली, इतकाच त्याचा अर्थ.

उरलेले काम प्रतिकारयंत्रणा करते आणि ते विलक्षण नाजूक आहे. कॅन्डिडाची दोन रूपे आहेत. गोल यीस्टच्या रूपात ती शांत असते. लांब तंतूचे रूप घेतले की ती अस्तरात घुसू पाहते. तंतूरूपात ती कॅन्डिडालायसिन नावाचे पेशींना भोके पाडणारे विष सोडते, हे २०१६ मध्ये उघड झाले. शरीरही याच बदलावर नजर ठेवून असते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले, की आतड्यात स्रवणारी आयजीए प्रतिपिंडे मुख्यतः कॅन्डिडाच्या तंतूरूपाला चिकटतात आणि गोल रूपाला फारसा त्रास देत नाहीत. तंतू टाकणारी कॅन्डिडा छाटली जाते, गुण्यागोविंदाने राहणारी टिकते. या शेजाराचा शरीराला लाभही होतो. कॅन्डिडाशी सततच्या संबंधातून तयार झालेल्या टी पेशी अन्य बुरशींनाही ओळखतात, असे जर्मनीतील अभ्यासात २०१९ मध्ये आढळले. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी, की काही फुप्फुसविकारांत या पेशी अॅस्परजिलसवर तुटून पडतात आणि दाह वाढवतात.

हा अतिरेक हा स्वतंत्र आजारच आहे. दम्याच्या काही रुग्णांत श्वासनलिकेत रुजलेला अॅस्परजिलस मांसात घुसत नाही. पण त्याच्याविरुद्ध उसळलेल्या अॅलर्जीने श्वासनलिका कायमच्या रुंदावून निकामी होतात. क्ष-किरण चित्रातील डाग पाहून अशा रुग्णांना क्षयाची औषधे सुरू केली जाण्याचे प्रकार भारतात वारंवार नोंदले गेले आहेत. येथे उपाय म्हणून स्टेरॉइडच दिले जाते! म्युकरच्या रुग्णाला ज्या औषधाने खाईत लोटले, तेच औषध या रुग्णाचे फुप्फुस वाचवते. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत वाद पेटला, तेव्हाही असेच दोन वेगळे आजार चर्चेत होते. कबुतरांच्या विष्ठेतील व पिसांतील प्रथिनांमुळे होणारा फुप्फुसाचा दाह ही अति-प्रतिकाराची बाब आहे, तर विष्ठेत वाढणाऱ्या क्रिप्टोकॉकसचा संसर्ग प्रामुख्याने दुबळ्या प्रतिकाराची. पहिला आजार धडधाकट माणसालाही होतो.

औषधे थोडी, तापमान आधाराला

माणूस आणि बुरशी यांच्या पेशी सारख्या असल्याचा फटका औषधांनाही बसतो. जिवाणूंवर प्रतिजैविकांचे डझनावारी प्रकार आहेत. शरीरात खोल गेलेल्या बुरशीवर मुख्यतः तीनच गट. अॅम्फोटेरिसिन हे १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातील मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले औषध बुरशीच्या आवरणातील एर्गोस्टेरॉलवर घाला घालते. मानवी पेशींतील कोलेस्टेरॉल हे त्याचेच भावंड असल्याने औषधाची झळ मूत्रपिंडांना लागते. मेदाच्या सूक्ष्म पुटकुळ्यांत भरून दिलेला प्रकार सौम्य, पण महाग. २०२१ मध्ये टंचाई झाली ती त्याचीच. बीटा-ग्लुकान तयार होऊ न देणारा गट कॅन्डिडावर उत्तम चालतो. एकट्याने म्युकरवर मात्र त्याचा प्रभाव पडत नाही.

सुदैवाने माणसाचे उष्ण रक्त हाच मोठा आधार आहे. अमेरिकेतील आर्तुरो कासादेवाल आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये दाखवले, की ३० ते ४० अंश सेल्सिअस या टप्प्यात तापमान एकेका अंशाने वाढते तसतशा सुमारे सहा टक्के बुरशींच्या जाती तग धरू शकत नाहीत. याच मुळे पृथ्वीवरील लाखो बुरशींपैकी मोजक्याच माणसाला ग्रासतात. हवामान तापत गेले आणि बुरशी उष्णतेला सरावल्या तर हे कुंपण खुजे पडेल, अशी भीती कासादेवाल यांनी २०१९ मध्ये कॅन्डिडा ऑरिसच्या संदर्भात व्यक्त केली. ही बुरशी २००९ मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानात प्रथम सापडली आणि काही वर्षांतच अनेक खंडांतील अतिदक्षता विभागांत पोहोचली. नेहमीची काही औषधे तिच्यावर अनेकदा निष्प्रभ ठरतात. दिल्लीतील वल्लभभाई पटेल छाती संस्थेच्या शास्त्रज्ञांना २०२१ मध्ये ती अंदमानच्या किनाऱ्यांवर, म्हणजे रुग्णालयाबाहेरच्या निसर्गात, आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरशींची पहिली यादी जाहीर केली. त्या १९ नावांत सर्वांत गंभीर गटातील चारांमध्ये ती आहे. म्युकर त्याखालच्या गटात आहे.

यादीत नसलेली, पण शहरी वाचकाच्या सर्वांत जवळची बुरशी मात्र त्वचेवरची आहे. गजकर्ण किंवा नायटा हा पूर्वी साध्या मलमाने जाणारा विकार गेल्या दशकभरात भारतात चिवट झाला आहे. यामागच्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये अमेरिकेतही तिच्या रुग्णांची नोंद झाली. टर्बिनाफिन या हुकमी औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. तिच्या फैलावाला स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांचे मिश्रण असलेली मलमे हातभार लावतात, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. मलम लावले की दोन दिवसांत खाज आणि लाली जाते; कारण ती खाज आणि लाली बुरशीची नसून तिच्याशी झुंजणाऱ्या प्रतिकारयंत्रणेची असते. झुंज थांबते, रुग्णाला बरे वाटते आणि बुरशी पसरत राहते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. घरातल्या एकाचे उरलेले मलम दुसऱ्याने लावणे मात्र कोणत्याही नियमाने थांबत नाही. चट्टा बुरशीचाच आहे की नाही, हे ठरवण्याची तपासणी साधी आहे: कडेची कातडी किंचित खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. तिला फारसा वेळ लागत नाही आणि खर्चही मलमाच्या दोन-चार ट्यूबांच्या आसपासच येतो.